राब, दळी आणि वणवा : ठाणे जिल्ह्यातील आग, मातीतील कर्ब आणि भूजल यांचा एक ऐतिहासिक विचार

गोषवारा

ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीत राब भाजण्याची पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखाते आणि शेतकरी यांच्यात तिच्यावरून मोठा वाद झाला. त्या वादात जळालेल्या लाकडाचा हिशेब मांडला गेला. जळल्यानंतर मातीत काय उरते आणि पाण्याबरोबर काय खाली जाते, याचा हिशेब मांडला गेला नाही. राब, दळी आणि वणवा या तीन आगी कर्बचक्राच्या दृष्टीने एकमेकींपासून भिन्न असून त्यांना एका सदरात टाकण्याची वसाहतकालीन सवय आजच्या उपग्रहीय नोंदींपर्यंत टिकून आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रास्ताविक

चैत्र-वैशाखात शहापूर, मुरबाड किंवा अंबरनाथ तालुक्याच्या डोंगराळ भागातून प्रवास करणाऱ्यास दोन प्रकारची जळलेली जमीन दिसते. एक म्हणजे खाचरांच्या कडेचे काळे, बांधबंदिस्त चौकोन. दुसरी म्हणजे डोंगरउतारावर वेड्यावाकड्या कडांनी पसरलेला काळा पट्टा. पहिल्याला गावकरी राब म्हणतात, दुसऱ्याला वणवा. गावात या दोन शब्दांची कधी गल्लत होत नाही. शासकीय दप्तरात मात्र ती सुमारे दीडशे वर्षे होत आली आहे.

ही गल्लत केवळ शब्दांची असती तर तिच्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. आगीमुळे मातीतील सेंद्रिय कर्बाचे काय होते, कोळशाच्या रूपाने तो किती काळ टिकतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर विहिरी-नद्यांत कसा उतरतो, या विषयाचे ज्ञान गेल्या दोन-तीन दशकांत पुष्कळ वाढले आहे. त्या ज्ञानाच्या प्रकाशात ठाण्याचा जुना वाद पुन्हा वाचला, तर दोन्ही पक्षांच्या म्हणण्यातील सत्यांश वेगळे करता येतात. येथे ‘ठाणे जिल्हा’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील अर्थाने, म्हणजे आजचा पालघर जिल्हा (तो १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला) आणि साष्टी बेटासह वापरला आहे.

राबाची रीत

राबाचे वर्णन १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या ठाण्यावरील तेराव्या खंडात आहे, आणि त्यातील मुख्य गोष्टी आजही जाणत्या शेतकऱ्याच्या तोंडून तशाच ऐकावयास मिळतात. भाताचे रोप ज्या तुकड्यात तयार करावयाचे त्या तुकड्यावर, म्हणजे दाढीवर, थर रचले जातात. खाली शेण, त्यावर ऐन-किंजळासारख्या झाडांचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. आग वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकावी अशा बेताने ती लावली जाते. पहिल्या पावसानंतर तेथे बी पेरतात आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून खाचरात आवणी करतात.

या रीतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, आग लागते ती एकंदर भातजमिनीच्या लहानशा हिश्श्यातच. दुसरी, वरचा मातीचा थर ज्वाळेला हवा कमी मिळेल अशी व्यवस्था करतो. त्यामुळे इंधन भडकून न जळता धुमसत राहते. इंधन भडकले की राख होते, आणि धुमसले की तिच्यासोबत कोळसाही उरतो. तिसरी गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही : दाढीला बांध असतो. जमीन सपाट असते. जूनच्या पहिल्या सरीने राख आणि कोळशाची भुकटी वाहून न जाता तेथेच चिखलात मिसळते.

राबाचे साहित्य कोठून यावयाचे, हा प्रश्न महसूल व्यवस्थेतही मुरलेला होता. भातजमिनीला जोडून वरकस जमीन असे. तीत नाचणी-वरी होई, गवत मिळे आणि राबासाठी टहाळ तोडता येई. वरकस पुरेशी नसेल तर शेतकरी लगतच्या रानात जाई. रान कोणाचे, हा प्रश्न तोवर कोणी फारसा विचारला नव्हता.

दळी ही निराळी बाब. डोंगरउतारावरील झुडपे तोडून, वाळवून, जाळून त्या राखेत नाचणी-वरी घ्यावयाची आणि एक-दोन हंगामांनंतर तो तुकडा सोडून द्यावयाचा, ही फिरती शेती ठाणे-कुलाब्याच्या ठाकूर, कातकरी आदी समाजांत चालत असे. दक्षिण कोकणात तिलाच कुमरी म्हणत. येथे उतार आहे आणि बांध नाही, परंतु जमिनीला मध्ये विश्रांती आहे. वणव्यात उतार आहे, बांध नाही आणि विश्रांतीही नाही. तोच उतार दरसाल फाल्गुन-चैत्रात जळू शकतो. हे तीन भेद पुढील विवेचनाचा आधार आहेत.

वादाचा इतिहास

मुंबई इलाख्यात वनसंरक्षकाचे पद १८४७ मध्ये निर्माण झाले आणि त्यावर अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक झाली. दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे ते पूर्वी अधीक्षक होते आणि पेशाने वैद्य होते. गिब्सन यांच्या लिखाणात जंगलतोडीचा संबंध झरे आणि ओढे आटण्याशी जोडलेला आहे. कोकणातील कुमरीविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते आणि त्यामागे पाण्याची ही चिंता होती. म्हणजे आमच्या विषयातील ‘भूजल’ हा घटक वादाच्या प्रारंभीच आलेला आहे. फक्त तो पाण्याच्या प्रमाणाच्या रूपाने आला, पाण्यात काय विरघळते या रूपाने नव्हे. त्या काळी दुसरी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल.

पुढील तीस वर्षांत पाण्याची चिंता मागे पडली आणि लाकडाची चिंता पुढे आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. १८६५ पर्यंत तो थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. स्लीपर, इमारती लाकूड आणि वाढत्या मुंबईचे जळण यांसाठी ठाण्याची राने हे सर्वांत जवळचे भांडार होते. उल्हास आणि वैतरणा यांच्या खाड्यांतून लाकूड मुंबईकडे जात होतेच. आता त्याला रूळही मिळाले. अशा वेळी शेतकऱ्याने ऐनाच्या फांद्या तोडून शेतात जाळाव्यात, हे वनाधिकाऱ्यास उधळपट्टीसारखे दिसले यात नवल नाही. ज्या रानातून मुंबईची चूल पेटत होती त्याच रानातून गावाने राबासाठी टहाळ नेला की तो नाश ठरत होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव आणि संरक्षित असे वनांचे वर्ग पाडले. राखीव वनात आग लावणे हा अपराध ठरला, आणि पुढे १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये तो तसाच राहिला. त्याच १९२७ च्या कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे, वनात हक्क किंवा सवलत असणाऱ्या गावकऱ्यांवर वणवा विझविण्यास मदत करण्याचे बंधनही आहे. म्हणजे आगीशी गावाचा संबंध कायद्याने दोनच प्रकारे ओळखला : अपराधी म्हणून किंवा विझवणारा म्हणून. आग वापरणारा, तिची वेळ आणि दिशा जाणणारा म्हणून नाही.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या निर्बंधांविरुद्ध तक्रारी वाढत गेल्या. सभा झाल्या, अर्ज गेले, ठाण्यात वनविषयक गाऱ्हाणी मांडणारी संघटना उभी राहिली. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याच्या कारभारावर कोरडे ओढले, ते याच वातावरणात. अखेर सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजशास्त्रज्ञ इंद्रा मुन्शी यांनी ठाणे जिल्ह्यातील पारंपरिक शेती आणि वसाहतकालीन वननियम यांवर केलेले लेखन या कालखंडाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही. राब हा अडाणीपणा नसून जमीन, पाऊस आणि भांडवलाचा अभाव यांना दिलेले सुसंगत उत्तर होते, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

या वादाची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. वनखाते झाडे, गाड्या आणि रुपये मोजते. शेतकऱ्यांचा पक्ष हक्क, वहिवाट आणि पीक मोजतो. राबाविना रोप पिवळे पडते, उशिरा वाढते, तण माजते, असे शेतकरी सांगतो; तो अनुभव असतो, म्हणून पुराव्यात धरला जात नाही. दोन्ही पक्ष जमिनीच्या वर उभे राहून बोलत आहेत. जमिनीच्या आत वीतभर खोलीवर काय घडते, हा प्रश्न कोणाच्याच हिशेबात नाही.

शास्त्राचा प्रवेश

तो प्रश्न विचारणारे लोक थोडे उशिरा आले. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषिरसायनज्ञ १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि त्यांचा शेतीसुधारणेवरील अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात राबाचा विचार आहे, आणि व्होल्कर यांनी त्याला केवळ रूढी म्हणून निकालात काढले नाही. परंतु खरा महत्त्वाचा टप्पा १९१२ चा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राब पद्धतीवर एक स्वतंत्र प्रबंधिका लिहिली. ती कृषी खात्याच्या रसायनविषयक मालेत छापली गेली. (मान आणि कानिटकर ही नावे आपल्याकडे जातेगाव बुद्रुकच्या ग्रामीण पाहणीमुळे अधिक ओळखीची आहेत. कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे अधिकारी अभ्यासक झाले.)

या अभ्यासाची दृष्टी नवी होती. राबाचा लाभ राखेमुळे होतो की उष्णतेमुळे, असा तो प्रश्न होता. तीनच वर्षांपूर्वी, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीत पिकाला उपलब्ध होणारे नत्र वाढते, हे दाखविले होते. उष्णतेने मातीतील सूक्ष्मजीवांची घडी विस्कटते आणि नव्याने बसते; त्या घडामोडीत अडकून पडलेले पोषणद्रव्य मोकळे होते. मान आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या मातीत होणारे असे बदल आपल्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आणले. शेतकऱ्याचा अनुभव प्रथमच मातीच्या भाषेत लिहिला गेला.

तरीही या शास्त्राची नजर एका हंगामापुरती होती. रोपाला काय मिळाले, एवढेच ती विचारते. जो भाग पिकाला मिळत नाही, जो काळा, कडक आणि निरुपयोगी दिसतो, तो कोळसा तिच्या कक्षेबाहेर राहिला. आणि कर्बचक्राच्या दृष्टीने लांबचा इतिहास असतो तो नेमका त्या कोळशात.

मातीतील कर्ब : आज काय समजते

मातीला उष्णता फार खोल नेता येत नाही. कोरड्या मातीत वरच्या काही सेंटिमीटरच्या खाली तापमान झपाट्याने उतरते. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे सेंद्रिय द्रव्य करपू लागते आणि ४५० ते ५०० अंशांच्या आसपास ते बहुतांशी नष्ट होते. अडीचशे-तीनशे अंशांच्या दरम्यान मातीतील पिवळसर लोहसंयुगांचे लाल हेमॅटाइटमध्ये रूपांतर होते. चांगल्या भाजलेल्या राबाची माती तांबूस दिसते, त्याचे कारण हे. पानझडी रानातील वणवा बहुधा जमिनीलगत धावणारा असतो. तो वाळका पाला आणि गवत खातो, पुढे सरकतो; जमिनीत उष्णता मुरायला त्याला वेळ नसतो. राबाची आग उलट एकाच जागी तासन्‌तास बसते. म्हणून क्षेत्राच्या मानाने मातीवरचा तिचा परिणाम अधिक तीव्र असतो. राब म्हणजे सौम्य आग, असा जो समज शहरी सहानुभूतीने करून घेतला जातो, तो बरोबर नाही. ती तीव्र, पण बंदिस्त आग आहे.

जळताना बहुतेक कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. काही हिस्सा मात्र अर्धवट जळून कोळशाच्या रूपात उरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार भूपृष्ठावरील आगींमुळे दरवर्षी सुमारे २५.६ कोटी टन कर्ब अशा रूपात तयार होतो. आगीतून हवेत जाणाऱ्या कर्बाच्या तो सुमारे १२ टक्के भरतो. या कर्बाचे अणू घट्ट षट्कोनी जाळ्यांत बांधलेले असल्याने सूक्ष्मजीवांना ते सहजी फोडता येत नाहीत. पालापाचोळा काही वर्षांत कुजून हवेत परततो. कोळसा शतकानुशतके राहू शकतो. तो अमर नाही, एवढे मात्र अलीकडच्या संशोधनाने स्पष्ट केले आहे. तो झिजतो, त्याच्या कडांवर ऑक्सिजन बसतो, आणि तसा बसला की त्याचा काही अंश पाण्यात विरघळू लागतो.

आता ठाण्याच्या तीन आगींकडे पुन्हा पाहू. राबात धुमसणे अधिक, म्हणून कोळसा अधिक. जमीन सपाट आणि बांध पक्का, म्हणून तो तेथेच. शिवाय बहुधा तीच दाढ वर्षानुवर्षे भाजली जाते, त्यामुळे साठा वाढत जातो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा कर्ब आकाशातून पडलेला नसतो. तो रानातील झाडांच्या फांद्यांतून आणि गोठ्यातील शेणातून आलेला असतो. ऐनाचा शेंडा दरवर्षी छाटला तर झाड खुरटते आणि त्याच्या पायथ्याशी पडणारा पाला कमी होतो. राब म्हणजे रानाच्या मातीकडून दाढीच्या मातीकडे केलेली बदली आहे. वनाधिकाऱ्यांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे होते, आणि ते नाकारून शेतकऱ्यांची बाजू बळकट होत नाही.

वणव्याचे गणित निराळे. आग स्वतः फारसा खोल घाव घालत नाही. मुळे वाचतात, पावसाळ्यात डोंगर पुन्हा हिरवा होतो. नुकसान होते ते आगीनंतर दोन-तीन महिन्यांनी. पाल्याचे आच्छादन गेलेल्या उतारावर जूनची पहिली मोठी सर पडते, तेव्हा राख, कोळशाची भुकटी आणि वरची सेंद्रिय माती एकत्रच ओढ्यात उतरतात. जेथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तेथे ही घटना किरकोळ नव्हे. दरसाल तोच उतार जळत राहिला तर पाल्याचा ह्यूमस व्हायला उसंतच मिळत नाही. दळीची स्थिती या दोहोंच्या मधली. पहिल्या पावसातला तोटा वणव्यासारखाच, परंतु पुढील विश्रांतीच्या वर्षांत झुडपे आणि मुळे त्याची भरपाई करू लागतात. दळीचे क्षेत्र आक्रसत गेले तसतशी विश्रांतीची वर्षे कमी झाली आणि ही भरपाई अपुरी पडू लागली. म्हणजे दळीमुळे जमीन उघडी पडते, हा जो आरोप होता, तो खरा ठरण्यास दळीवरील निर्बंधांनीच हातभार लावला.

पाण्याचा मार्ग

ठाणे जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर उभा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या, मुरमाड थरात आणि भेगांत. विहिरी उथळ, झरे हंगामी. पावसाळ्यात विहीर काठोकाठ आणि वैशाखात तळ उघडा. जमिनीवरचा बदल अशा भूजलात लवकर उतरतो.

मातीच्या पोकळ्यांतील हवेत मुळे आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असते. मुरणारे पाणी ते शोषून सौम्य आम्ल बनते, बेसाल्टमधील खनिजे झिजवते आणि स्वतः बायकार्बोनेट घेऊन खाली उतरते. विहिरीच्या पाण्याची चव आणि भांड्याच्या तळाशी बसणारी पांढरी खर यांमागे ही क्रिया आहे. खडकांच्या झिजेतून हवेतील कार्बन डायऑक्साइड हटविण्याचे जे काम पृथ्वीवर सतत चालते, त्यात सिलिकेट खडकांच्या वाट्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश वाटा बेसाल्टचा आहे. भूपृष्ठावरील त्याचे क्षेत्र मात्र पाच टक्क्यांहून कमी आहे. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या मातीला काय होते, हा निव्वळ स्थानिक प्रश्न राहत नाही.

आग या क्रियेत अनेक ठिकाणी हात घालते. पाला जळाला की मातीतील श्वसन काही काळ मंदावते आणि आम्ल कमी तयार होते. राखेतील चुना आणि पोटॅश पाण्याला अल्कधर्मी करतात. राखेतील कार्बोनेट विरघळून बायकार्बोनेटच्या रूपाने खाली जाते. उघड्या उतारावर पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, तर बांधाच्या आत ते थांबते आणि मुरते. गिब्सन यांना आटलेल्या झऱ्यांत जे दिसले त्याचा एक धागा येथे आहे : झरा आटण्यामागे जशी तोड असते तसाच उघडा, दरवर्षी जळणारा उतारही असतो.

राहिला विरघळलेला कोळसा. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जगातील अनेक नद्यांचे पाणी तपासून असा अंदाज केला की वर्षाला सुमारे २.६५ कोटी टन कोळसारूप कर्ब विरघळलेल्या अवस्थेत नद्यांतून समुद्राकडे जातो, म्हणजे नद्यांतील एकूण विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाच्या जवळजवळ दहावा हिस्सा. २०२० च्या फेरमोजणीत हा आकडा सुमारे १.८ कोटी टनांवर आला, पण मूळ मुद्दा टिकला. त्याहून इतिहासाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारे उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथील अटलांटिक किनारपट्टीचे अरण्य एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत तोडून-जाळून साफ केले गेले. ही जाळपोळ १९७३ च्या सुमारास थांबली. परंतु पाराइबा दो सुल नदीत दर पावसाळ्यात विरघळलेला कोळसा उतरतच आहे, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आग विझून चार दशके झाली होती. माती तिची आठवण थेंबाथेंबाने नदीला देत होती.

उल्हास, काळू आणि भातसा यांच्या खोऱ्यांत हीच रचना आहे : दीर्घकाळ भाजलेली माती, कोरडा उन्हाळा, एकाच हंगामात कोसळणारा पाऊस आणि त्याबरोबर खाली धुपणारे मातीचे थर. कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येणारे उल्हासचे पाणी या खोऱ्यातून आले आहे. पाण्यातील कोळशाच्या या अंशाची कोणी भीती बाळगावी, असे येथे सुचवावयाचे नाही. ज्या आगीविषयी १८८५ मध्ये आयोग बसला, त्या आगीचा कर्ब अजून वाटेत असू शकतो, एवढेच दाखवावयाचे आहे. आगीच्या इतिहासाचा कालखंड आग विझते तेथे संपवता येत नाही.

नकाशावरील ठिपका

वणव्यापासून जंगल सर्वस्वी बंद ठेवण्याचे धोरण हिंदुस्थानात १८६० च्या दशकात मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात सुरू झाले. शतक संपण्यापूर्वीच खुद्द वनाधिकाऱ्यांत त्याविषयी शंका उत्पन्न झाली होती. ब्रह्मदेशातील अतिरेकी अग्निसंरक्षणामुळे सागाचे पुनरुज्जीवन खुंटते, असा स्लेड यांचा लेख १८९६ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये आला. पुढे साल वृक्षाच्या बाबतीतही तोच अनुभव आला. म्हणजे ‘आग’ या एका शब्दाने काम भागत नाही, हे खात्यातील काहींना ठाऊक होते. नियमावलीत ते उतरले नाही.

आज भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे वणव्यांच्या सूचना देते. २००४ पासून ‘मोडिस’ या संवेदकाची माहिती आणि पुढे ‘व्हीआयआयआरएस’ची ३७५ मीटर क्षमतेची माहिती तिला मिळत आली आहे. वणवा लवकर कळणे हा मोठाच लाभ आहे, आणि येऊर किंवा मलंगगडाच्या डोंगरावर रात्री धावत पळणाऱ्या वनरक्षकाला त्याचे मोल विचारावे. परंतु नकाशावर जो लाल ठिपका उमटतो तो उष्णतेचा असतो. उताराच्या कडेला पेटलेला राब आणि उतारावर सुटलेला वणवा त्याला सारखेच. त्याला बांध दिसत नाही. पुढे अशा ठिपक्यांच्या बेरजेवर कर्बउत्सर्जनाचे तक्ते आधारले जातात, आणि तक्त्यातील आकड्यावरून पाड्यावरच्या माणसाला दोष देणे सोपे होते. १८८० च्या दशकात गाड्या मोजणाऱ्या कारकुनाकडूनही वेगळे काही घडले नव्हते.

राब आता झपाट्याने मागे पडत आहे. रासायनिक खते आली, माणसे कल्याण-भिवंडीच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर गेली, टहाळ तोडायला हात उरले नाहीत. काही गावांत गोवऱ्या, पेंढा आणि पाला एवढ्यावर राब उरकला जातो. वणवे मात्र मागे पडलेले नाहीत. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणे, नवे गवत यावे म्हणून डोंगर पेटवणे, ही जुनी कारणे आहेत. सहलीला आलेल्यांची सिगारेट आणि चूल ही नवी. जी आग बांधात होती ती विझत चालली आहे, आणि जी उतारावर होती ती राहिली आहे.

हा फरक मोजण्यास फार दूर जावे लागत नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर महिन्यांत घेते. मेची नोंद भाजणीनंतरची आणि पावसापूर्वीची, ऑक्टोबरची नोंद पाणी मुरल्यानंतरची. त्याच दोन वेळी त्याच विहिरींच्या पाण्यातील बायकार्बोनेट आणि सेंद्रिय कर्ब तपासला, आणि विहिरींची निवड करताना ज्या गावांना एकोणिसाव्या शतकाच्या वनजमाबंदीत राबाची सवलत नोंदलेली आहे ती गावे व ज्यांचा उतार दरसाल जळतो ती गावे अशी विभागणी केली, तर रसायनशास्त्र आणि इतिहास या दोन विभागांना एकाच कामावर बसता येईल. त्यासाठी प्रथम जुन्या कागदांतून गावांची यादी काढावी लागेल, आणि ते काम इतिहासाच्या विभागाकडे येते.